जोड लावण्याआधी श्वास तपासा: नकट्या कुत्र्यांच्या पैदाशीविषयी खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य, पुणे,
आणि
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र राज्य प्राणी कल्याण मंडळ.

विषय: चपट्या तोंडाच्या जातींच्या कुत्र्यांची पैदाशीपूर्व आरोग्य तपासणी.

महोदय,

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, बॉस्टन टेरियर, पेकिनीज, शिह त्झू आणि काही प्रमाणात बॉक्सर या जातींच्या कुत्र्यांची कवटी पुढच्या बाजूने आखूड असते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती तशी केली आहे. जबडा आणि नाकाचे हाड आखूड झाले, पण आतला मऊ भाग त्या प्रमाणात घटला नाही. जीभ जाडच राहिली, मृदू टाळू लांबच राहिली आणि नाकाच्या पोकळीतल्या नाजूक गुंडाळ्या जागा मिळेल तिकडे, अगदी घशाच्या तोंडाशीही, वाढू लागल्या. त्यामुळे हवेच्या वाटेत एकामागे एक अडथळे उभे राहतात. नाकपुड्या अरुंद, त्यामागे दाटलेली पोकळी, स्वरयंत्राच्या तोंडावर लोंबणारी टाळू आणि काही कुत्र्यांत तर श्वासनलिकाच मुळात बारीक. या एकत्रित विकाराचे नाव ब्रॅकिसेफॅलिक ऑब्स्ट्रक्टिव्ह एअरवे सिंड्रोम, थोडक्यात बीओएएस. तो वयाबरोबर वाढत जातो. अरुंद वाटेतून रोज जोर लावून हवा ओढावी लागल्याने स्वरयंत्राजवळच्या छोट्या पिशव्या उलटून वाटेत येतात. पुढे स्वरयंत्राची कूर्चा ढिली पडून आत कोसळू लागते. वर्षभराचा असताना अंगणभर धावणारा पग पाच-सहा वर्षांचा झाला की जिना चढताना मध्येच थांबतो, त्याचे कारण बहुतेक वेळा वयापेक्षा हे असते.

विकाराची पहिली खूण नाकपुडीवरच दिसते. निरोगी कुत्र्याची नाकपुडी समोरून पाहिली तर स्वल्पविरामाच्या आकाराची, मोकळी असते आणि श्वास घेताना तिचा बाहेरचा पडदा किंचित बाजूला सरकतो. बिघडलेल्या पगची नाकपुडी म्हणजे नुसती उभी चीर असते. श्वास आत घेताना ती रुंदावण्याऐवजी मिटते. कुत्रा मग नाक सोडून तोंडाने हवा ओढतो, त्याच्या मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू प्रत्येक श्वासाला आत खेचले जातात आणि पोट हेलकावे खाते. झोपेत तोंड मिटले की वाट बंद होते. म्हणून असे कुत्रे बसल्या बसल्या पेंगतात, हनुवटी उशीवर किंवा पलंगाच्या कडेवर उंच ठेवून झोपतात, काही तर दातांत खेळणे धरून झोपतात, म्हणजे तोंड उघडे राहते. ही छायाचित्रे घरोघरी कौतुकाने पाठवली जातात. ती आजाराची चित्रे आहेत.

कुत्र्याच्या शरीरात नाकाचे दुसरे मोठे काम म्हणजे अंग थंड ठेवणे. माणसासारखा सर्वांगाला घाम येण्याची सोय कुत्र्याला नाही. तो धापा टाकतो तेव्हा हवा नाकातल्या ओल्या पृष्ठभागावरून आणि जिभेवरून वेगाने फिरते, ओलावा उडतो आणि रक्त थंड होते. नाक आखूड झाले की हा पृष्ठभाग घटतो आणि वाट अरुंद असल्याने धापा टाकण्याचे श्रमही वाढतात. श्रमाने उष्णता वाढते, जोराच्या धापांनी घशातील आवरण सुजते, सुजेने वाट आणखी बारीक होते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ अंशांपुढे गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांना इजा होऊ लागते. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना ऊन लागण्याचा धोका मध्यम लांबीच्या तोंडाच्या कुत्र्यांच्या सुमारे दुप्पट आढळला. हा आकडा ब्रिटनच्या उन्हाळ्यातला आहे.

नागपूरचा उन्हाळा त्याहून फार वेगळा. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणे नागपूरकरांना नवे नाही. नवतपाच्या दिवसांत संध्याकाळी सात वाजताही रस्त्याचे डांबर उष्णता सोडत असते आणि कुत्र्याचे पोट त्या डांबरापासून वीतभरच वर असते. घरातला कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या, हवा दमट झाली की तोच कूलर खोली चिकचिकीत करतो आणि दमट हवेत धापांनी ओलावा उडत नाही. त्यामुळे पारा उतरला म्हणून निर्धास्त होण्याचे दिवस चपट्या तोंडाच्या कुत्र्यासाठी निर्धास्त नसतात. विदर्भात या जातींची पैदास करायची तर निदान आईबाप तरी असे हवेत, ज्यांना सावलीत, थंड वेळी, आरामात असताना पुरेसा श्वास घेता येतो. एवढी किमान अटही आज कोठे लिहिलेली नाही.

पग भारतात आधीपासून होता, पण तो घराघरात पोहोचला तो २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने. एका लहान मुलाच्या मागे मागे जाणारा चीका नावाचा पग देशभर ओळखीचा झाला आणि पिल्लांची मागणी वाढली. हच पुढे व्होडाफोन झाली, जाहिराती बदलल्या, मागणी मात्र टिकली. लहान फ्लॅटमध्ये मावणारा, लहान मुलांत रमणारा, फार फिरवावे न लागणारा कुत्रा म्हणून पग आणि त्यामागोमाग शिह त्झू मध्यमवर्गीय वस्त्यांमध्ये स्थिरावले. अलीकडे फ्रेंच बुलडॉगची भर पडली आहे. या कुत्र्यांचे गुण खरे आहेत. ते माणसाळू, खेळकर आणि कमालीचे सोशिक असतात. सोशिकपणाच त्यांच्या मुळावर येतो, कारण श्वास कोंडत असतानाही ते शेपूट हलवत राहतात.

मालकांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात श्वासाच्या विकाराची स्पष्ट लक्षणे असलेल्या कुत्र्यांच्या मालकांपैकी ५८ टक्क्यांनी आपल्या कुत्र्याला श्वासाचा काहीच त्रास नसल्याचे सांगितले होते. घोरणे, खाल्लेले अन्न परत येणे, चार पावलांत दम लागणे हे सगळे ‘या जातीचे असतेच’ म्हणून स्वीकारले गेले होते. नागपुरातही दवाखान्यात हेच वाक्य ऐकू येते. एखादी गोष्ट जातीतल्या निम्म्या कुत्र्यांत असली म्हणून ती निरोगी ठरत नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या तपासण्यांत पग आणि फ्रेंच बुलडॉग यांच्यापैकी साधारण निम्म्या कुत्र्यांत उपचाराचा विचार करावा लागेल इतका अडथळा आढळला. याचा दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. उरलेल्या निम्म्यांचा श्वास बराच बरा आहे, म्हणजे त्याच जातीत निवड करण्याला वाव आहे.

ही निवड आज होत का नाही, याचे उत्तर कागदपत्रांत सापडते. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली केंद्र सरकारने २३ मे २०१७ रोजी कुत्र्यांची पैदास व विक्री यासंबंधीचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार प्रत्येक ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिची जोड लावता येत नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही, आयुष्यात पाचच वेते आणि आठ वर्षांनंतर पैदास बंद. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. जोड लावण्याआधी पशुवैद्यकाने कुत्रा निरोगी असल्याचा दाखला द्यायचा असतो. हे नियम चांगले आहेत आणि ते अमलात यावेत यासाठी अनेकांनी कष्ट घेतले आहेत. उणीव आहे ती ‘निरोगी’ या शब्दापाशी. पशुवैद्यक ताप पाहतो, हिरड्यांचा रंग पाहतो, कातडी आणि गोचिडे पाहतो, लसीकरणाचे कार्ड पाहतो आणि सही करतो. टेबलावर शांत बसलेला पग त्या घटकेला निरोगी दिसतो. त्याला तीन मिनिटे चालवून पाहायला कोणी सांगितलेले नसते, खुब्याचा किंवा मणक्याचा एक्स-रे मागितलेला नसतो, डोळ्यांच्या तपासणीचा रकाना नसतो. गाईचा संसर्गजन्य गर्भपात शोधायचा तर रक्ताची ठरावीक तपासणी असते. नकट्या कुत्र्याच्या आनुवंशिक दोषासाठी आपल्याकडे तसे ठरलेले काहीच नाही.

गिऱ्हाईक मग दुसऱ्या कागदावर विसंबतो. ‘पेपरवाले पिल्लू’ म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंद असलेले पिल्लू, त्याला जास्त पैसे मोजले जातात. ती नोंद वंशावळ सांगते. बाप कोणत्या प्रदर्शनात जिंकला हे तिच्यावरून कळते, तो रात्री झोपू शकत होता का, हे कळत नाही. तिसरा कागद अलीकडे दिसू लागला आहे, तो जनुकीय चाचणीचा. गालाच्या आतून घेतलेला नमुना प्रयोगशाळेत पाठवला जातो, पन्नास-शंभर विकारांपुढे ‘क्लिअर’ असे लिहून येते आणि जाहिरातीत पिल्लाचे आईबाप ‘डीएनए क्लिअर’ ठरतात.

येथे मोठा गैरसमज आहे. बीओएएससाठी भरवशाची जनुकीय चाचणी आजमितीस उपलब्ध नाही. चपट्या चेहऱ्यामागची काही जनुके सापडली आहेत. २०१७ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांना एसएमओसी-२ या जनुकातला एक बदल सापडला, कुत्र्यांच्या चेहऱ्याच्या लांबीतील फरकापैकी ३६ टक्क्यांपर्यंतचा भाग त्याने उलगडतो. त्याआधी बीएमपी-३ या जनुकाचा संबंध दिसला होता. पण असे बदल या जातींत जवळजवळ सर्वत्र मुरलेले असतात. जे सगळ्याच पगमध्ये आहे, त्यावरून चांगला पग आणि बिघडलेला पग वेगळे काढता येत नाहीत. शिवाय श्वासाचा विकार अनेक जनुके, नाकपुडीची ठेवण, मानेचा घेर आणि लठ्ठपणा यांच्या मिलाफातून घडतो. २०१९ मध्ये नॉर्विच टेरियर या जातीत एडीएएमटीएस-३ या जनुकाचा श्वासमार्गाच्या विकाराशी संबंध आढळला आणि नॉर्विच टेरियरचे तोंड तर पगइतके चपटे नसतेच. म्हणजे नुसती तोंडाची लांबी मोजूनही काम भागत नाही. कुत्र्याचा श्वास प्रत्यक्ष तपासावा लागतो.

ती तपासणी अवघड नाही. केंब्रिज विद्यापीठात विकसित झालेली आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१९ पासून राबवलेली श्वसनक्षमता श्रेणी पद्धत पुढीलप्रमाणे चालते. कुत्रा किमान एक वर्षाचा असावा. प्रशिक्षित पशुवैद्यक आधी त्याला आरामात उभे करून श्वासाची गती, नाकपुड्यांची उघडझाप आणि छातीची ओढ पाहतो, मग स्टेथोस्कोप छातीऐवजी गळ्याच्या बाजूला, स्वरयंत्रावर ठेवून ऐकतो. तेथे दोन प्रकारचे आवाज महत्त्वाचे असतात. घोरल्यासारखी जाड घरघर बहुधा टाळू आणि घशातून येते. शिटीसारखा बारीक, उंच आवाज स्वरयंत्रच आकसत असल्याची खूण असतो आणि तो अधिक चिंतेचा. मग मालक कुत्र्याला पट्ट्याने धरून तीन मिनिटे दुडक्या चालीने चालवतो. पळवायचे नाही, रमतगमत फिरवायचेही नाही. तीन मिनिटे संपताच स्टेथोस्कोप पुन्हा त्याच जागी. विश्रांतीत गप्प असलेला घसा आता खरे बोलतो. काही कुत्रे तीन मिनिटे पुरी करूच शकत नाहीत आणि ती नोंद हाच त्यांचा निकाल असतो.

निकाल ० ते ३ अशा चार श्रेणींत दिला जातो. श्रेणी ० म्हणजे विकाराची खूण नाही. श्रेणी १ म्हणजे स्टेथोस्कोपने ऐकू येईल इतपत आवाज, पण व्यायामावर परिणाम नाही. श्रेणी २ च्या कुत्र्याला विकार आहे, त्याचे वजन आटोक्यात ठेवावे लागते आणि उपचारांचा विचार करावा लागतो. श्रेणी ३ च्या कुत्र्याला पशुवैद्यकाची तातडीची गरज असते आणि त्याच्यापासून पैदास करायचीच नाही. दोन्ही आईबाप श्रेणी २ चे असू नयेत, एखादा ठेवायचाच असेल तर जोडीदार ० किंवा १ चा असावा. विकार वयानुसार वाढत असल्याने पैदाशीच्या काळात दर दोन वर्षांनी तपासणी पुन्हा करायची. या सगळ्यासाठी लागते ते शिकवलेले कान, एक स्टेथोस्कोप, थंड वेळेचा एक मोकळा व्हरांडा आणि अर्धा तास.

श्रेणी २ ला सरसकट बाद न करण्यामागे विचार आहे. या जातींचा जनुकसाठा आधीच आटलेला आहे. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी इंग्लिश बुलडॉगचा अभ्यास करून या जातीत आतल्या आत सुधारणा करण्यापुरते वैविध्य फारसे उरलेले नाही, अशी चिंता व्यक्त केली होती. एका फटक्यात अर्धे कुत्रे बाद केले तर उरलेल्यांत जवळच्या नात्यातल्या जोड्या वाढतील आणि दुसरेच दोष वर येतील. पगमध्ये अजून वाव आहे. तेथे दर पिढीला थोडी थोडी सुधारणा करता येते. इंग्लिश बुलडॉगच्या बाबतीत मात्र लांब तोंडाच्या जातींशी संकर हाच प्रामाणिक उपाय दिसतो. ब्रीडर मंडळींना तो पटणार नाही, तरी तो बोलून दाखवायला हवा.

एक पळवाट आधीच बुजवावी लागेल. नाकपुड्या रुंद करण्याची आणि लोंबती टाळू कापण्याची शस्त्रक्रिया होते आणि तिने त्या कुत्र्याला खरोखर आराम मिळतो. ज्याला गरज आहे त्याची ती जरूर व्हावी. पण शस्त्रक्रियेने पुढच्या पिढीकडे जाणारा वारसा बदलत नाही. शस्त्रक्रिया झालेला नर श्रेणी ० चा म्हणून मेटिंगला दिला गेला तर सारी तपासणी व्यर्थ ठरते. म्हणून शस्त्रक्रियेची नोंद मायक्रोचिपच्या क्रमांकाशी जोडलेली असली पाहिजे आणि श्वासमार्गाची शस्त्रक्रिया झालेला कुत्रा पैदाशीतून वगळला पाहिजे.

बाळंतपणाचेही तसेच. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बॉस्टन टेरियर, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग या तिन्ही जातींत ८० टक्क्यांहून अधिक वेते सिझेरियनने झालेली आढळली. पिल्लाचे डोके मोठे, मादीचा कटिबंध अरुंद. ज्या मादीला नैसर्गिकपणे विता येत नाही तिच्या मुलीही बहुधा त्याच वाटेने जातात. ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१२ पासून दोन सिझेरियन झालेल्या मादीच्या पुढच्या वेताची नोंद घेणे थांबवले आहे. आपल्या नियमांत वेतांची संख्या मोजली जाते, ती कशी झाली हेही लिहिले जावे.

श्वासाखेरीज इतर आनुवंशिक दोषांच्या तपासण्या जातीप्रमाणे बदलतात. फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग आणि बॉस्टन टेरियर यांची पिळदार आखूड शेपटी डीव्हीएल-२ या जनुकातील बदलाशी जोडलेली आहे. शेपटीचे मणके जसे वाकडे तसे पाठीचेही मणके अर्धवट घडलेले असू शकतात आणि त्यांच्यामुळे मज्जारज्जूवर दाब येऊन मागचे पाय लुळे पडू शकतात. पगमध्येही असे मणके आढळतात. त्यासाठी पाठीचा एक्स-रे पुरतो. गुडघ्याची वाटी सरकते का हे पशुवैद्यक हातानेच पाहू शकतो. खुब्याच्या दोषासाठी भूल देऊन एक्स-रे घ्यावा लागतो, तोही कुत्रा पुरता वाढल्यावर. डोळे पुढे आलेले असल्याने पगच्या बुबुळावर आतल्या कोपऱ्यातून तपकिरी थर चढत जातो, पापणीचे केस आत टोचतात आणि जखमा होतात. दृष्टी हळूहळू जाते आणि मालकाच्या लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो.

जनुकीय चाचणीचा खरा उपयोग येथे आहे. पगच्या मेंदूला होणारा एक घातक दाह, त्यात तरुण कुत्र्याला झटके येऊ लागतात आणि बहुतेक कुत्रे काही महिन्यांत दगावतात. त्याचा धोका वाढवणारी जनुकीय खूण ओळखता येते. तिच्या दोन्ही प्रती असलेल्या पगला धोका कित्येक पटींनी जास्त असतो, तेव्हा दोन वाहकांची जोड टाळता येते. बुलडॉगमध्ये लघवीत खडे करणारा दोष, फ्रेंच बुलडॉग आणि बॉस्टन टेरियरमधला लहान वयातला मोतीबिंदू यांच्या चाचण्या एका जनुकावर आधारलेल्या आणि भरवशाच्या आहेत. शिह त्झूमध्ये मूत्रपिंडाच्या जन्मजात अपुऱ्या वाढीवर मात्र अशी विश्वासार्ह चाचणी नाही. तेथे सोनोग्राफी, रक्त-लघवी आणि घराण्याचा इतिहास यांवरच भिस्त ठेवावी लागते.

इतर देशांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या आहेत. नेदरलँड्सने २०१९ मध्ये निकष ठरवले, त्यांत नाकाची लांबी कवटीच्या लांबीच्या तीनदशांशापेक्षा कमी असेल तर त्या कुत्र्याची पैदास करता येत नाही. नॉर्वेत ऑस्लोच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल यांची पैदास प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. अपिलात बुलडॉगपुरता निकाल फिरला, कॅव्हेलियरपुरता तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. भारतात तमिळनाडू सरकारने २०२४ च्या श्वानपैदास धोरणात तेथील हवामानाला न मानवणाऱ्या जातींमध्ये पग आणि फ्रेंच बुलडॉग यांचा समावेश केला.

बंदीचा मोह समजण्यासारखा आहे, पण महाराष्ट्राने त्या वाटेने जाण्यात शहाणपण नाही. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने २३ ‘हिंस्र’ जातींवर बंदी घालण्याचे परिपत्रक काढले आणि महिनाभरात, १० एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतलेले नव्हते. बंदीने पैदास थांबत नाही, ती नोंदणीबाहेर जाते आणि मग कोणत्याही मादीचे वेत मोजायला कोणी उरत नाही. तपासणीने ब्रीडरला धंद्यात ठेवून त्याची निवड सुधारता येते. चांगल्या ब्रीडरला हे हवेच आहे. आज त्याचे मोकळ्या नाकपुडीचे, थोड्या लांब तोंडाचे पिल्लू ‘फेस बरोबर नाही’ म्हणून स्वस्तात जाते. श्रेणीचा दाखला त्याच पिल्लाची किंमत वाढवील.

या कामाला नागपूरइतके योग्य शहर राज्यात दुसरे नाही. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथे आहे, १९५८ पासून चालत आलेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे चिकित्सालय सेमिनरी हिल्सवर आहे, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदही याच शहरात आहे. तपासणी शिकवणारे, करणारे आणि तिची शिस्त राखणारे एकाच गावात आहेत. येथे तयार झालेले परीक्षक पुढे परळ, शिरवळ, परभणी, उदगीर आणि अकोला येथील संस्थांत शिकवू शकतील.

नियम केंद्राचे आहेत, त्यांत दुरुस्ती करणे राज्याच्या हाती नाही. नोंदणी, तपासणी आणि नोंदवह्यांची पाहणी ही कामे मात्र राज्य मंडळाकडे आहेत. ‘निरोगी’ या शब्दाखाली काय तपासायचे, हे पशुवैद्यकांना सांगण्यासाठी नवा कायदा लागत नाही. मंडळाने आयुक्तालय, विद्यापीठ आणि परिषद यांच्याशी बोलून चपट्या तोंडाच्या जातींसाठी वेगळा दाखला ठरवून द्यावा. त्यात श्वसनश्रेणी, तपासणीची तारीख, मायक्रोचिपचा क्रमांक, श्वासमार्गाची शस्त्रक्रिया झाली आहे का, आधीची सिझेरियन, मणके, गुडघे आणि डोळे एवढे रकाने असावेत. पहिली दोन वर्षे फक्त श्रेणी ३ वगळण्याची अट असावी, बाकीची माहिती गोळा होऊ द्यावी. महाराष्ट्रातल्या पगांचा श्वास कसा आहे, याची एकही राज्यस्तरीय नोंद आज हाताशी नाही आणि त्याशिवाय पुढची अट ठरवणे अंदाजपंचे होईल. पिल्लू विकताना आईबाप दोघांच्या दाखल्याची प्रत गिऱ्हाइकाच्या हाती देणे बंधनकारक करावे. ब्रीडर मंडळींना या ठरवाठरवीत पहिल्या बैठकीपासून बसवावे.

ही तपासणी उन्हाळ्यात करता येत नाही. नागपुरात तिला योग्य काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच मिळतो आणि परीक्षक तयार करायला त्याआधीचे चार-पाच महिने लागतील. तेव्हा आयुक्तालयाने आणि मंडळाने विद्यापीठाला परीक्षक प्रशिक्षणाचे पत्र पावसाळ्याआधी पाठवावे, दाखल्याचा नमुना दिवाळीपर्यंत जाहीर करावा आणि पहिले शिबिर येत्या हिवाळ्यात सेमिनरी हिल्सवरच्या चिकित्सालयात भरवावे, ही विनंती.